खिडकी हलते की कागद? पडद्यावरचं चित्र नेमकं सरकवण्याचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की पडद्यावर चित्र सरकवण्याला कसला आलाय इतिहास? फोटो उघडला, मोठा केला, मावेना म्हणून इकडेतिकडे ओढला, संपलं. दिवसातून शंभरदा आपण हे करतो आणि करतोय हे लक्षातही येत नाही. पण ज्या गोष्टी अशा अंगवळणी पडलेल्या असतात, त्या कुणीतरी कधीतरी बसून ठरवलेल्या असतात. ठरवताना काही मिळवलेलं असतं, काही सोडून दिलेलं असतं. चित्र सरकवण्याच्या बाबतीत काय मिळालं आणि काय सुटलं, ते आज आपण बघणार आहोत.

सुरुवातीलाच एक फरक सांगून ठेवू. पाहण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे शोधणं. लग्नातल्या गर्दीच्या फोटोत आत्या कुठे उभी आहे, ते बघायचं. ती दिसली की काम झालं. दुसरा प्रकार म्हणजे काही उरलेलं नाही याची खात्री करणं. आजोबांच्या जुन्या फोटोच्या स्कॅनवर आता एकही ओरखडा नाही, छपाईला जाणाऱ्या नकाशात एकही नाव अर्धवट तुटलेलं नाही, असं आपल्याला म्हणायचं असतं. इथे ‘दिसलं नाही’ एवढं पुरत नाही. ‘सगळीकडे पाहिलं आणि तरी दिसलं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. पहिल्या प्रकाराला चित्र कसंही सरकवलं तरी चालतं. दुसऱ्याला अजिबात चालत नाही. हा फरक मनात धरून पुढे जाऊ.

पडदा लहान, चित्र मोठं

मूळ अडचण साधी आहे. आजचा एखादा बरा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० पिक्सेल. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा पडदा १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा असतो. फोटो शंभर टक्के आकारात, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल असा उघडला, तर आडवे चार आणि उभे चार, असे १६ पडदे भरतात. मेनू आणि टूलच्या पट्ट्या जागा खातात ते वेगळंच. म्हणजे एका वेळी आपण फोटोचा एक लहानसा हिस्सा बघतोय आणि बाकीचा सगळा पडद्याबाहेर आहे.

मग कुणी म्हणेल, फोटो लहान करून पूर्ण बघावा. बघावा की. पण लहान करताना संगणक अनेक पिक्सेलची सरासरी काढून एक पिक्सेल दाखवतो. बारीक ओरखडा त्या सरासरीत विरघळून जातो. तो फोटोत असतोच, फक्त आपल्याला दिसत नाही, आणि छापून आल्यावर मात्र दिसतो. त्यामुळे मोठं करून, तुकड्या-तुकड्यानं बघण्याला पर्याय नाही. आणि तुकडे आले की दोन तुकड्यांमध्ये काही सुटलं तर नाही ना, हा प्रश्न आलाच.

काचपट्टी आणि दोन चाकं

हा प्रश्न संगणकानं निर्माण केलेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बसणाऱ्या माणसाला तो कितीतरी आधीपासून माहीत होता. सूक्ष्मदर्शकात एका वेळी जे गोल वर्तुळ दिसतं त्याला ‘क्षेत्र’ म्हणतात. काचपट्टीवरचा रक्ताचा थर हा त्या क्षेत्राच्या मानानं केवढा तरी मोठा. बोटानं काचपट्टी सरकवावी तर केसाएवढं हललं तरी वर्तुळातलं सगळं बदलून जातं. शिवाय साध्या सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी असते. काचपट्टी डावीकडे ढकलली की चित्र उजवीकडे पळतं. नवशिक्या विद्यार्थ्याची पहिली तासिका यातच जाते.

त्यावर उपाय म्हणून यांत्रिक मंच आला. काचपट्टी चिमट्यात धरायची आणि दोन चाकं फिरवायची. एक चाक फक्त डावी-उजवीकडे नेतं, दुसरं फक्त पुढे-मागे. दोन्ही बाजूंना व्हर्निअर मापपट्टी असते, तिच्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येतं. म्हणजे काही सापडलं तर त्याचा पत्ता आकड्यांत लिहून ठेवायचा, आणि उद्या त्याच जागी परत यायचं.

पण पत्त्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालायची पद्धत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी करताना तंत्रज्ञ मंच मनाला येईल तसा फिरवत नाही. एका दिशेनं जातो, कडेला थोडं सरकतो, उलट दिशेनं परत येतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एक तास संपला की बैल वळवायचे, लगतचा तास धरायचा, आणि दोन तासांमध्ये नांगर न लागलेली जमीन राहू द्यायची नाही. हिवतापाच्या तपासणीत तर जाड थराची किमान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहायचं नाही, असा दंडक आहे. ‘आढळले’ लिहायला एक क्षेत्र पुरतं, ‘नाहीत’ लिहायला शंभर लागतात. आपण सुरुवातीला जो फरक केला, तो हाच.

चार काळे नॉब

आता संगणकाकडे येऊ. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड या तरुण संशोधकानं आपला प्रबंध सादर केला. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव स्केचपॅड. लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता, त्याच्या पडद्यावर लाइट पेननं थेट रेघा काढता येत. संगणकावर हातानं चित्र काढण्याचा इतिहास सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. पण आपल्याला रेघांपेक्षा पडद्याखालच्या चार काळ्या नॉबमध्ये जास्त रस आहे.

पडदा होता सात इंच चौरस, म्हणजे साधारण वीतभर. पण सदरलंडनं चित्र त्या वीतभर जागेत कोंबलं नाही. चित्र संगणकाच्या आत आकड्यांच्या रूपात आहे आणि पडदा म्हणजे त्याच्यावर उघडलेली खिडकी आहे, असं त्यानं मानलं. एकूण चित्राचा कोणता भाग दिसावा आणि किती मोठा दिसावा, हे त्या चार नॉबनी ठरायचं. मोठं करण्याची मजल होती २००० पट. सात इंचांना दोन हजारांनी गुणा: १४,००० इंच, म्हणजे साडेतीनशे मीटरहून जास्त. साडेतीनशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद कागद, आणि त्याच्यावर वीतभर खिडकी! आजच्या प्रत्येक चित्रसंपादन प्रोग्रॅमच्या पोटात हीच कल्पना आहे.

आणखी एक गोष्ट बघा. रेघ काढायला एक साधन, कागद सरकवायला दुसरं. आपण वहीत लिहितानाही तेच करतो. उजव्या हातात पेन असतं आणि डावा हात नकळत वही सरकवत असतो, फिरवत असतो. ही कामाची वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढच्या वीस वर्षांत ती हरवणार आहे आणि मग वेगळ्या वाटेनं परत येणार आहे.

स्क्रोलबार आणि पंजा

१९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात खिडक्या, माउस आणि स्क्रोलबार हे सगळं एकत्र आलं. स्क्रोलबार ही कडेची पट्टी. तिच्यातला ठोकळा खाली ओढला की मजकूर वर जातो. का? कारण इथे आपण खिडकी खाली नेतोय, कागद जागच्या जागी आहे, असं मानलेलं आहे. मजकुरासाठी हे चालून जातं, कारण मजकूर एकाच दिशेनं वाहतो. चित्र दोन दिशांना पसरलेलं असतं. तिथे दोन पट्ट्या लागतात, एक उभी, एक आडवी. तिरकं जायचं तर आधी ही, मग ती.

आणि नेमकेपणाचा हिशेब केला तर स्क्रोलबारची अडचण आणखी उघड होते. समजा पट्टीतला ठोकळा एकूण १००० पिक्सेल सरकू शकतो आणि चित्राला मात्र ५०,००० पिक्सेल सरकायचं आहे. मग ठोकळा एक पिक्सेल हलला की चित्र ५० पिक्सेलची उडी मारतं. मधल्या ४९ जागांवर थांबताच येत नाही. हात कितीही स्थिर ठेवा, उपयोग नाही. चित्र जेवढं मोठं, तेवढा स्क्रोलबार अडाणी होत जातो.

जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. त्याच्यासोबत मॅकपेंट नावाचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम मिळायचा, तो लिहिला होता बिल ॲटकिन्सन यांनी. संगणकाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट, पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. मॅकपेंटचं पान त्याहून मोठं, ५७६ गुणिले ७२० ठिपक्यांचं. मेनू आणि टूलची जागा सोडली तर पानाचा साधारण चौथा हिस्सा एका वेळी दिसायचा. आणि गंमत अशी, की या खिडकीला स्क्रोलबार नव्हतेच. त्याऐवजी टूलच्या रांगेत एक हाताचा पंजा होता. तो निवडायचा, चित्रावर ठेवायचा, माउसचं बटण दाबून ओढायचं. कागद हाताबरोबर सरकतो. खाली ओढला तर खाली, तिरका ओढला तर तिरका.

म्हणजे इथे गृहीतकच उलटं झालं. स्क्रोलबारमध्ये खिडकी हलते, पंजात कागद हलतो. आणि पंजाचा हिशेब बघा. माउस एक ठिपका हलला की कागद बरोबर एक ठिपका हलतो. चित्र केवढंही मोठं असो, हे प्रमाण बदलत नाही. जो ठिपका आपण पकडला तो शेवटपर्यंत बोटाखाली राहतो. नेमकेपणाच्या दृष्टीनं ही फार मोठी मजल होती. आज फोटोशॉपपासून मोबाइलवरच्या नकाशापर्यंत जिथे जिथे आपण चित्र ‘पकडून’ ओढतो, तिथे तो पंजाच काम करतोय, दिसो वा न दिसो.

पण पंजाची एक मर्यादाही त्याच दिवशी जन्माला आली. एका ओढीत जास्तीत जास्त एक खिडकीभर जाता येतं. लांब जायचं तर ओढा, सोडा, परत मागे या, परत ओढा. विहिरीतून दोर ओढल्यासारखं. यावर ॲटकिन्सन यांनी दिलेला उतारा म्हणजे पूर्ण पान लहान करून दाखवण्याची सोय. त्या छोट्या पानावर एक तुटक रेषांचा चौकोन असायचा, तो सरकवून हव्या त्या भागावर न्यायचा. म्हणजे जवळ जायला पंजा, लांब जायला छोटा नकाशा. दोन्ही कल्पना एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच वर्षी.

आणि मघाची ती कामाची वाटणी? ती इथे हरवली. माउस एकच. रेघ काढायलाही तोच आणि कागद सरकवायलाही तोच. पेन्सिल खाली ठेवायची, पंजा उचलायचा, सरकवायचं, पंजा ठेवायचा, पेन्सिल उचलायची. वहीवर असं कुणी लिहीत नाही.

डावा हात परत येतो

फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली, तीही फक्त मॅकिंटॉशसाठी. थॉमस आणि जॉन या नोल बंधूंपैकी थॉमस मिशिगन विद्यापीठात संशोधन करत होता, जॉन चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचं काम करत होता. फोटोशॉपवाल्यांच्या बोटांत जी एक सवय मुरली आहे, ती म्हणजे स्पेसबार. कोणतंही टूल हातात असो, डाव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबून धरला की त्याचा पंजा होतो, सोडला की परत आधीचं टूल हातात. ब्रश खाली ठेवावाच लागत नाही. उजवा हात काम करतो, डावा कागद सरकवतो. सदरलंडच्या मेजावर जी वाटणी होती, ती अशी एका लांब कळीवर येऊन परत बसली.

१९९६ साली फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत नॅव्हिगेटर नावाची छोटी चौकट आली. पूर्ण चित्राची लहान प्रतिमा, तिच्यावर एक चौकोन, तो ओढला की मोठं चित्र तिथे जातं. मॅकपेंटचा छोटा नकाशाच हा, फक्त आता तो कायम शेजारी उघडा राहू लागला. जिम्प हा फुकट आणि मुक्त प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं चार बाणांचं चिन्ह पाहिलं असेल. ते दाबलं की तीच चौकट तिथे उमलते. ‘मी कुठे आहे’ याचं उत्तर ही चौकट छान देते. पण तिच्यातून नेमकं सरकवायला गेलात तर स्क्रोलबारचाच आजार. दोनशे पिक्सेलच्या छोट्या प्रतिमेत दहा हजार पिक्सेलचं चित्र बसवलं असेल, तर तिथला एक पिक्सेल म्हणजे इकडे पन्नास.

मग खात्रीनं सगळं बघायचं असेल तर काय? त्यासाठी फोटोशॉपमध्ये एक सोय आहे, जी अनेक वर्षं काम केलेल्यांनाही माहीत नसते. कारण ती दिसत नाही, तिला चिन्ह नाही, ती फक्त कळींमध्ये आहे. होम दाबलं की दृश्य थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात. एंड दाबलं की खालच्या उजव्या. पेज डाउन म्हणजे एक पडदाभर खाली, पेज अप म्हणजे एक पडदाभर वर. त्यांच्याबरोबर कंट्रोल धरलं, मॅकवर कमांड, की तीच उडी आडवी: पेज डाउननं उजवीकडे, पेज अपनं डावीकडे. आणि शिफ्ट धरलं की पडदाभर न जाता दहा-दहा एककांनी चित्र सरकतं.

आता हे जोडून बघा. चित्र शंभर टक्क्यांवर ठेवायचं. होम. वरून खाली पेज डाउन करत तळ गाठायचा. मग एक पडदा उजवीकडे. आता पेज अप करत वर यायचं. परत एक पडदा उजवीकडे. हीच ती नांगरट. हीच सूक्ष्मदर्शकाच्या मंचाची दोन चाकं. प्रत्येक पावलाची लांबी ठरलेली, दिशा ठरलेली. मध्येच चहा प्यायला उठलात तरी परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो ते सांगता येतं. एखादा डाग दोन पडद्यांच्या बरोबर सीमेवर आहे अशी शंका आली, तर शिफ्ट धरून थोडं मागे सरकायचं आणि शिवण तपासायची. जुन्या फोटोंची धूळ काढणाऱ्यांना शिकवण्यासारखी पहिली गोष्ट कोणती असेल तर ती ही. ब्रश कसा धरायचा ते नंतर.

पंजानं हे होत नाही का? होतं, पण आपण कुठे गेलो नाही, ते पंजा सांगत नाही. प्रत्येक ओढ वेगळ्या लांबीची, थोडी तिरकी. डोळाही फसवतो. तो चेहऱ्याकडे ओढला जातो, अक्षरांकडे ओढला जातो. आकाशाचा मोकळा तुकडा, भिंतीचा कोपरा, इथे तो थांबत नाही. आणि धूळ नेमकी तिथेच जास्त दिसते.

सहजपणाची वीस वर्षं

पुढचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगलचा नकाशा आला. त्याआधी इंटरनेटवरच्या नकाशांच्या कडेला बाण असायचे. बाण दाबला की पान नव्यानं उघडायचं आणि नकाशा थोडा सरकलेला दिसायचा. गूगलनं नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे करून ठेवले आणि ओढाल तसे ते आणून लावले. मॅकपेंटचा पंजा घरोघरी पोचला. २००७ मध्ये आयफोन आला आणि माउसही मधून गेला. बोट हाच पंजा. झटका दिला की चित्र घरंगळत जातं आणि हळूहळू थांबतं. डोळ्याला फार छान वाटतं. पण ते नेमकं कुठे थांबेल, हे आपण ठरवत नाही, त्या झटक्याचं गणित ठरवतं.

२००८ साली फोटोशॉपच्या सीएस-४ आवृत्तीनं ग्राफिक्स कार्डाची मदत घ्यायला सुरुवात केली. सरकवणं आणि झूम करणं लोण्यासारखं झालं आणि कॅनव्हास फिरवूनही बघता येऊ लागला. मूळ चित्र न फिरवता फक्त दृश्य फिरवायचं, जसा चित्रकार मनगटाच्या वळणाप्रमाणे कागद फिरवतो. जिम्पमध्ये ही सोय २०१८ च्या २.१० आवृत्तीत आली.

आणि २०११ साली एक मजेशीर उलथापालथ झाली. ॲपलनं आपल्या मॅक संगणकांवर स्क्रोल करण्याची दिशाच उलटी केली. आधी दोन बोटं खाली नेली की खिडकी खाली जायची, आता बोटं खाली नेली की कागद खाली येतो. कित्येकांनी पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन जुनी दिशा परत आणली. वरवर बघता ही सवयीची कुरबुर होती. पण खरं तर ‘खिडकी हलते की कागद’ या प्रश्नावर स्क्रोलबार आणि पंजा यांची जी दोन वेगळी उत्तरं होती, त्यांतलं पंजाचं उत्तर सर्वत्र लागू केलं गेलं. कागद जिंकला.

या सगळ्यात सहजपणा वाढला, यात शंका नाही. पण नेमकेपणाच्या कळी हळूहळू बाजूला गेल्या. अनेक लॅपटॉपवर होम, एंड, पेज अप, पेज डाउन या वेगळ्या कळी उरलेल्याच नाहीत. फंक्शनची कळ धरून बाणाच्या कळी दाबाव्या लागतात. टॅबलेटवर तर तेही नाही. शोधण्याचं साधन हातात आलं, खात्रीचं साधन मागच्या खोलीत गेलं.

रेम्ब्रांटपुढे कॅमेरा

खात्रीची गरज मात्र संपलेली नाही, उलट वाढली आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ हे चित्र आहे, साधारण साडेचार मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच. जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयानं त्याची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा प्रसिद्ध केली. दोन लगतच्या पिक्सेलमधलं अंतर ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. ही प्रतिमा ८४३९ फोटो जोडून बनली आहे. ते काढले कसे? कॅमेरा चौकटीवर बसवून, चित्राला समांतर, एका ओळीत ८७ फोटो, अशा ९७ ओळी. तीच नांगरट, या वेळी रंगाच्या थरावर. इथे एक फोटो जरी चुकला असता तरी प्रतिमेला भोक पडलं असतं, म्हणून यंत्राला मनमानी करायची मुभाच नव्हती.

आता ती प्रतिमा आपण बघायची म्हटली तर? ९,२५,००० गुणिले ७,७५,००० पिक्सेल. आपला १९२० गुणिले १०८० चा पडदा त्यात सुमारे साडेतीन लाख वेळा मावतो. एकेका पडद्याला पाच सेकंद दिले, तरी न थांबता, न झोपता वीस दिवस लागतील. अर्थात कुणी तसं बघत नाही. आपण चेहऱ्यांवर जातो, कुत्र्यावर जातो, भेगा बघून थक्क होतो आणि बंद करतो. ते वाईट नाही. पण ‘नाइट वॉच पूर्ण पाहिलं’ असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतोय, हे माहीत असावं.

ओळ सुटू नये म्हणून

आपल्याकडचं एक उदाहरण देऊन थांबतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतले असंख्य कागद आहेत, आणि मोडी शिकणारी बरीच मंडळी आता स्कॅनवरूनच वाचतात. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, अशी पद्धत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ पडद्यापेक्षा रुंद असली की वाचणारा चित्र डावीकडे सरकवत जातो, ओळीच्या शेवटी पोचतो, आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला यायला परत उजवीकडे ओढतो. हात जरा तिरका गेला की एक ओळ वर किंवा एक ओळ खाली. शब्द तुटलेले नसल्यामुळे आणि ‘मजकूर’, ‘सदरहू’ असे शब्द ओळीओळीत येत असल्यामुळे चूक लगेच कळतही नाही. वाक्य लागल्यासारखं वाटतं. आणि सुटलेल्या ओळीत गावाचं नाव किंवा रकमेचा आकडा असेल, तर त्यावर बेतलेला सगळा निष्कर्ष वाकडा होतो. इथे फक्त आडवं सरकणारी कळ ही चैन राहत नाही, ते अभ्यासाचं साधन होतं.

पुण्यातच भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ असं चाललं. तिथे पोथ्यांमधले पाठभेद नोंदवायला आखलेले तक्ते असत. श्लोक अक्षर-अक्षर सुटं करून लिहायचा आणि त्याखाली एकेका पोथीतला पाठ भरायचा. वाचणारे विद्वान होते, पण विद्वानाचाही डोळा घसरतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी डोळ्यावर न विसंबता आखणीवर विसंबायचं ठरवलं. पडद्यावर काम करणाऱ्या आपल्यालाही ती आखणी कळींच्या रूपात उपलब्ध आहे. वापरायची की नाही, हे आपल्यावर आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: म्हणजे पंजा वापरूच नये का?

असं अजिबात नाही. चित्र काढताना, रंगवताना पंजासारखं साधन नाही. काम संपल्यावरची शेवटची तपासणी मात्र कळींनी करावी. सुतारसुद्धा रंधा हाताच्या अंदाजानं मारतो आणि शेवटी गुण्या लावून बघतो. त्यात हाताचा अपमान नाही.

प्रश्न: झूम किती ठेवावा? मी २०० टक्क्यांवर तपासतो.

ओरखडे, धूळ यांसाठी बहुतेक वेळा शंभर टक्के पुरतं. २०० वर गेलात की प्रत्येक दिशेनं पडदे जवळपास दुप्पट होतात, म्हणजे एकूण जवळपास चौपट. मघाचे १६ पडदे असे ५६ होतील. थकलेला माणूस शेवटचे दहा पडदे नीट बघत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. त्यामुळे पूर्ण होईल एवढंच मोठं करावं. आणि ६७ टक्के किंवा ८३ टक्के असे अडनिडे झूम टाळावेत, कारण तिथे पडद्यावरचा पिक्सेल हा फोटोतला पिक्सेल नसतो, त्याचा हिशेबानं काढलेला अंदाज असतो.

प्रश्न: हे सगळं आता संगणकच आपोआप करणार नाही का?

धूळ शोधणारे प्रोग्रॅम आहेतच, आणि ते आणखी सुधारतील. पण त्यांनी काढलेली धूळ खरंच धूळ होती की आजीच्या कपाळावरचं गोंदण, हे बघायला कुणीतरी बसावं लागणार. ते बघताना तो माणूस होम दाबून वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनच सुरुवात करेल, अशी आशा आपण करू.